शेवटचा हात

माणसाच्या हाताला कसला ना कसला वास असतोच. लोहाराच्या हाताला लोखंडाचा, शिंप्याच्या हाताला कोऱ्या कापडाचा, आणि काहीच न करणाऱ्याच्या हाताला उंची साबणाचा. मावशीच्या हाताला मात्र कसलाच वास नव्हता. एवढ्या वर्षांत तेल नाही, क्रीम नाही, बोटात अंगठी नाही, नखाला रंग नाही. दिवसभर हातमोजे, आणि मोजे काढले की बिनवासाचा साबण. शेजारीण एकदा म्हणाली होती, "तुमचा हात हातात घेतला तर कुणाचाच हात घेतल्यासारखं वाटत नाही." मावशीला ती तारीफ वाटली. शेजारणीच्या मनात तसं काही नव्हतं.

काय काम करता, असं कुणी विचारलं तर मावशी म्हणायची, "भांडं घासते."

"कुणाकडे?"

"पाहुण्यांकडे."

आणि यात खोटं काही नव्हतं. एका प्रयोगशाळेच्या तळघरात एक पोलादी भांडं होतं, पिंपाएवढं, चहूबाजूंनी नळ्या फुटलेलं. त्याच्या आत नाण्याएवढा तांब्याचा तुकडा बसवायचा. तो तुकडा आधी घासायचा. जाड भुकटीनं, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी अशी बारीक की बोटांना ओल तेवढी कळावी, कण कळू नये. मग तो धुवायचा, चिमट्यानं उचलायचा, आतल्या बैठकीवर चार स्क्रूंनी आवळायचा, वरून झाकण लावायचं आणि पंपानं आतली हवा ओढून काढायची. कितीतरी दिवस ओढत राहायची. मग पाहुणे यायचे.

पाहुणे हे नाव मावशीनंच ठेवलेलं. नवी नवी लागली तेव्हा मॅडमनी, म्हणजे त्या खोलीच्या मुख्य बाईंनी, तिला समोर बसवून सांगितलं होतं.

"तारेतून वीज वाहून नेतो तो इलेक्ट्रॉन ऐकलाय ना? त्याचा एक जुळा आहे. वजन तेवढंच, पण विजेची जात उलटी. पॉझिट्रॉन. आपल्या जगात त्याला घर नाही. आला की कुठलातरी इलेक्ट्रॉन त्याला गाठतो आणि दोघंही संपतात. मागे उरतात दोन किरण, पाठीला पाठ लावून दोन बाजूंना पळणारे. ते आम्ही मोजतो."

"म्हणजे मरायलाच येतो म्हणा की."

"हो. पण मरायच्या आधी काय काय करतो, ते बघायचं."

मावशीला हे पटलं. माणसाचंही तेच बघतात लोक.

शिशाच्या विटांमागे एक किरणं सोडणारा खडा ठेवलेला असायचा. त्यातून हे पाहुणे गोफणीतल्या दगडासारखे सुटायचे. एवढ्या वेगात आलेला पाहुणा सरळ भिंत फोडून आत घुसतो, त्याला दारात काय ठेवलंय हे कळतही नाही. म्हणून आधी त्याला टंगस्टनच्या पातळ पत्र्यातून घालायचं. तिथं धडपडून धडपडून तो दमतो. आणि टंगस्टन हा असला धातू की दमलेल्याला ठेवून घेत नाही, उंबऱ्यावरून हळूच बाहेर ढकलतो. तो असा पोचट झालेला, सावकाश चालणारा पाहुणा नळीतून वाट दाखवत तांब्याच्या दारी आणायचा. खरी गंमत तिथं. कुणी उंबऱ्यावरूनच मागं फिरतो. कुणी आत जातो, भटकतो, आणि धातूत कुठं एखादा अणू हरवलेला असला तर त्या खड्ड्यात पडून राहतो. खड्ड्यात इलेक्ट्रॉन कमी, म्हणून तिथं त्याला चार घटका जास्त मिळतात. आणि कुणी एखादा तिथल्याच इलेक्ट्रॉनचा हात धरून जोडीनं बाहेर पडतो. त्या जोडीचं आयुष्य एवढं थोडं की पापणी लवणं म्हणजे त्यांना युगं वाटावीत. पण जोडी होते. तांबं तापवलं की जास्त होते. मॅडमचं सगळं शास्त्र त्या जोड्यांमागं लागलेलं.

आणि हे सगळं धातूच्या कातडीवर. आत हजार थर नीट असले आणि वरचा एक मळला, की पाहुणे वेगळेच वागणार. एका बोटाचा घाम पुरतो. म्हणून मावशीच्या हाताला वास नव्हता.

सकाळी जिन्यावरून उतरणारा प्रत्येकजण आधी विचारायचा, "काय, पाहुणे आले का?" आणि वर्कशॉपचा फिटर, ज्याला सगळे तात्या म्हणायचे, तो रोज तेच उत्तर द्यायचा, "आले, पण जेवायला थांबले नाहीत." इतक्या वर्षांत कुणी हसलं नव्हतं आणि त्यानं सोडलं नव्हतं.

तिथली एक रीत मावशीनंच घालून दिलेली. फार पूर्वी भांड्यात कापडाचा एक धागा राहिला होता, आणि धागा कुणाचा यावरून चार शहाणी माणसं चार दिशांना बोटं दाखवत बसली होती. तेव्हापासून झाकणाचा शेवटचा नट आवळायच्या वेळी बाकी सगळ्यांनी हात पाठीमागे घ्यायचे. ज्याच्या हातात पाना, त्यानं काचेच्या खिडकीतून बॅटरी मारून आत बघायचं, नट आवळायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "शेवटचा हात माझा." बस्स. त्यापुढं आत जे काय असेल ते त्याच्या डोक्यावर. नवीन आलेली पोरं हसायची, पण हात मागे घ्यायची. आणि पाना असायचा कायम मावशीच्याच हातात. "मावशीचं झाकण," मॅडम म्हणायच्या, "म्हणजे पाहुणे आलेच समजा." मावशी ऐकलं न ऐकलंसं करायची आणि दिवसभर ते वाक्य गुळासारखं गालात धरून ठेवायची.

पण मावशी हे नाव मुळात तिचं नव्हतंच. पहिल्यांदा ती नुसती 'बाई' होती. मावशी झाली ती चिंगीमुळं.

चिंगी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर फ्रॉकातली, आणि बापानं दुसरा संसार थाटला. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, तशी ही उरली होती. स्वतःचं कुणी नव्हतं, घरात एक जागा रिकामीच होती. पोर येऊन त्या जागेत पडली ती पडलीच. मावशीनं तिला शिकवलं. चिंगी हुशार निघाली आणि शिकत शिकत त्याच इमारतीत येऊन पोचली, त्याच तळघरात, मॅडमच्या हाताखाली संशोधन करायला. पहिल्याच दिवशी जिन्यावरून ओरडली, "मावशी, चिमटे कुठायत?" आणि त्या दिवसापासून मॅडमसकट सगळी प्रयोगशाळा मावशी म्हणायला लागली.

घरून दोघी बरोबर निघायच्या, बरोबर परतायच्या. घरी मावशी रागावायची आणि भाची ऐकायची. तळघरात भाची आकडे सांगायची आणि मावशी ऐकायची. तात्या म्हणायचा, "दोघींत मिळून एक पगार दिला तरी चालेल, जीव एकच आहे." चिंगी म्हणायची, "जीव एक, पण जिभा दोन आहेत, तात्या, सांभाळून." मावशीला वाटायचं, कमावलं आपण.

त्या वर्षी चिंगीचं शेवटचं मोठं काम होतं. तांब्याचा नवा तुकडा आला होता, निवडून वाढवलेला, आतून एकसलग. मावशीनं त्याच्यावर किती दिवस घातले ते तिलाच ठाऊक. एवढा लखलखीत झाला की तात्या म्हणाला, "याच्यात बघून दाढी करू का?" आणि मावशीनं त्याला चिमटा उगारून पळवला. या तुकड्यावरून पाहुणे नीट आले तर चिंगीला दुसरीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. मॅडम तसं कळवणार होत्या.

ज्या दिवशी तुकडा भांड्यात बसवायचा, त्या दिवशी चिंगी म्हणाली, "आज मी बसवते. सगळं तूच करतेस, मग माझं काय?"

मावशीला बरं वाटलं. "बसव. पण करडे स्क्रू लाव, माझ्या डबीतले. दुसरं काही नाही."

"माहितीय गं. मी काय काल आलेय का?"

ते करडे स्क्रू मॉलिब्डेनमचे. तापवल्यावर सगळं भांडं लालबुंद झालं तरी ते आपले मुकाट बसून राहतात. मावशीची डबी ठरलेली, डबीत स्क्रू मोजून, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चिंगीनं डबी घेतली आणि आत वाकली. मावशी पलीकडं पंपाचं तेल बघत होती. मध्ये काहीतरी टिणकन वाजलं. "काय पडलं गं?" "काही नाही, चिमटा." मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज, आणि बंद झाल्याचा.

झाकण ठेवलं. नट लागले. सगळे जमले, हात पाठीमागे गेले. मावशीनं पाना उचलला, बॅटरी मारली. तुकड्याचं तोंड दिसलं, स्वच्छ. पुढचे दोन स्क्रू दिसले, करडे. मागचे दोन खिडकीतून दिसत नसत. त्यांच्यासाठी दातांच्या डॉक्टरकडं असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा होता; तो बाजूच्या नळीतून आत घालून बघायचा आणि मग ती नळी बंद करायची. आरसा टेबलावर होता. मावशीचा हात तिकडं गेलाही. पण सगळे बघत होते, चिंगी बघत होती, आणि आरसा उचलला तर पोरीवर विश्वास नाही असं चारचौघांत दिसलं असतं. हात मागे आला.

"चारही करडे लावलेस ना?" तिनं नुसतं विचारलं.

"लावले," चिंगी म्हणाली.

मावशीनं नळीचं तोंड बंद केलं, शेवटचा नट आवळला. "शेवटचा हात माझा."

पंप लागला.

पाहुणे आले नाहीत. म्हणजे आले, पण काहीच्या काहीच वागले. तांबं तापवावं तशा जोड्या वाढायला हव्यात. पण सुरुवातीला त्या थोड्या वाढल्या आणि मग ढेपाळल्या. नळीतली धार एका बाजूला वाकायला लागली. मोजणारी यंत्रं मध्येच काहीबाही आकडे ओकायची. मॅडमनी तारा तपासल्या, चुंबकाची वेटोळी तपासली, तो शिशामागचा खडाही तपासला. तात्या रोज तेच म्हणत होता, पण आवाज उतरला होता.

मावशीची खात्री होती, झाकणच गळतंय. माझ्याच हाताचं काही चुकलं असणार. ती गुडघे टेकून, पोटावर पडून, भांड्याखाली सरपटून एकेका सांध्याजवळ हेलियमची नळी धरत होती. कुठून गळत असेल तर यंत्राचा काटा हलतो. गुडघे तिचे कधीचेच गेलेले. चिंगी शेजारी बसून बॅटरी धरत होती.

"इकडं धर गं. नाही, आणखी खाली."

"मावशी, पुरे आता. गळत नसेल."

"तुला काय माहीत गळत नाही?"

चिंगीनं बॅटरी खाली धरली.

त्या क्षणाची आठवण मावशी पुढं कितीदा काढायची. पोरगी बॅटरी धरून होती. नसलेली गळती शोधायला उजेड दाखवत होती.

शेवटी मॅडमनी भांडं उघडायचं ठरवलं. हवा आत सोडली. झाकण उचलायच्या आधी मॅडमनी खिडकीतून बघितलं आणि थबकल्या. खिडकीची काच आतून आरशासारखी झाली होती. त्यांना त्यांचंच तोंड दिसलं.

झाकण निघालं. आत पांढऱ्या चिनीमातीचे मणी होते, तारा वेगवेगळ्या ठेवणारे. ते सगळे चकचकीत झालेले. तांब्याच्या तोंडावर राखी पापुद्रा. आणि बैठकीच्या मागच्या बाजूला चारातला एक स्क्रू करडा नव्हता. तांबूस होता, भाजलेल्या विटेसारखा.

मॅडमनी तो चिमट्यानं काढला आणि दिव्याखाली धरला. "पितळ," त्या म्हणाल्या. "तापलं, आतलं जस्त उडालं आणि सगळीकडं जाऊन बसलं. उरलंय ते तांबं." त्यांनी तुकड्याकडं बघितलं. "हे गेलं. मण्यांवर जस्त बसलंय, त्यातून वीज भलतीकडं जाते, म्हणून धार वाकत होती. सगळं भांडं खरवडायला लागणार."

तात्यानं मान पुढं काढली. "हा माझ्या विजेच्या ड्रॉवरमधला आहे. इथं कसा आला?"

मावशीनं चिंगीकडं बघितलं. टिणकन वाजलेलं तिला आठवलं. ड्रॉवर आठवला. चिंगी त्या स्क्रूकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. एवढं आयुष्य त्या तोंडाकडं बघण्यात गेलेलं. काय आहे आणि काय नाही हे मावशीला कुणी सांगायला नको होतं.

मॅडमनी विचारलं ते रीतीप्रमाणं. "शेवटचा हात कुणाचा होता?"

पंप बंद होता. 

"मावशीचा," चिंगी म्हणाली.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं तेव्हा. मावशीनंच घालून दिलेली रीत, मावशीचंच वाक्य, आणि आता तेच तिच्या गळ्याशी. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा. रक्त येत नाही, बघणाऱ्याला काही दिसत नाही.

"मावशी?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जागा ठेवलेली होती, हवं ते बोलायला.

मावशीनं चिंगीची वाट बघितली. थोडी. मग म्हणाली, "हो. शेवटचा हात माझा होता."

दोघी घरी आल्या. दार उघडून आत आल्यावर चिंगीनं पायातलं काढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझ्या हातून एक पडला," ती म्हणाली. "करडा. सापडेचना. सगळे यायचे झाले होते. म्हटलं एवढासा तर आहे, मागच्या बाजूला आहे, तिथवर एवढं तापणार नाही."

"मी विचारलं होतं."

"सगळ्यांसमोर विचारलंस."

"बरं. आणि त्यानंतर? मी भांड्याखाली पालथी पडले होते तेव्हा कोण होतं समोर? तेव्हा तर आपण दोघीच होतो."

चिंगीनं नख चावलं. "मला वाटलं निघेल काहीतरी दुसरंच. खरंच गळत असेल."

"आणि आज?"

"आज काय बोलणार होते मावशी? मॅडमनी माझं नाव आधीच कळवून ठेवलंय तिकडं. त्यांनी परत कळवलं असतं, पोरगी खोटारडी आहे म्हणून. माझं सगळं गेलं असतं. तुझं काय जाणार होतं? तुला कुणी काढत नाही. तुला सगळे मानतात."

मावशी पाणी प्यायला उठली होती. ती तशीच उभी राहिली, पेला हातात.

"माझं काय जाणार होतं," तिनं तेच वाक्य परत म्हटलं, कापड परतून बघावं तसं.

"तू सांभाळून घेशील असं वाटलं मला. नेहमी घेतेस."

"घेते ना, नेहमी घेते. पण सांभाळायचं की नाही हे मी ठरवायचं होतं, चिंगे. तू माझ्या वतीनं ठरवून मोकळी झालीस."

चिंगी रडली. मावशीनं तिला रडू दिलं. पूर्वी उठून जवळ घेतलं असतं. आज गुडघे दुखत होते.

मॅडमनी तिला काढलं नाही हे खरं. वरच्या मजल्यावर सामानाच्या खोलीत बसवलं, "थोडे दिवस." तिथं खोक्यातून खोकी काढायची, हातमोज्यांचे गठ्ठे लावायचे आणि खाली लागेल ते पाठवायचं. सामानाच्या खोलीतला माणूस नवा होता. तो तिला 'बाई' म्हणायचा.

पाना चिंगीकडं गेला.

तात्या वर येऊन खोक्यावर बसायचा. "बाई गं, पितळ उघडं पडलं खरं, पण कुणाचं ते कुणी बोलायला तयार नाही. माझ्या ड्रॉवरला हात कुणी घातला हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? तू कधी पिवळ्याला शिवलीस? जाऊन सांग मॅडमना."

"मी नाही."

"मग मी सांगतो."

"तात्या, तुझी जीभ हासडीन. तिनंच सांगायला पाहिजे. तिच्या तोंडानं. दुसऱ्या कुणी सांगून मला काही उपयोग नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

मावशीनं मोज्यांचा गठ्ठा फडताळात ठेवला. "तर कळेल."

हेच ते. मावशीला खाली जायचं होतं, यात शंका नाही; रात्री हात वळवळायचे तिचे, घासायला काही नसलं की. पण त्याहून जास्त तिला ते एक वाक्य हवं होतं. मागचा तो पितळी स्क्रू माझ्या हातचा होता. एवढंच. घरी ती रोज वाट बघायची, आणि घरी चिंगी रोज दुसरं काहीतरी बोलायची. मोठ्या गावच्या भाड्याचं, थंडीच्या कपड्यांचं. ती जागा तिला मिळाली होती. मॅडमनी शब्द फिरवला नव्हता. फक्त जायच्या आधी एकदा नवा तुकडा घालून ते काम पुरं करून जा, असं म्हणाल्या होत्या.

भांडं खरवडून, धुऊन तयार झालं. नवा तुकडा चिंगीनंच घासला. आणि झाकण बसेना. दोनदा लावलं, दोनदा गळलं, या वेळी खरोखर गळलं. झाकणाचे नट समोरासमोर थोडे थोडे आवळावे लागतात, एकदा इकडं, एकदा तिकडं, मनगटाला कळतं कुठं थांबायचं. चिंगीचं मनगट घाईत होतं. शेवटी मॅडमनी वर निरोप धाडला.

मावशी जिना उतरली. कुणी पाहुण्यांचं विचारलं नाही. तिनं मोजे घातले, झाकण काढायला लावलं आणि पहिल्यांदा आरसा उचलला. सावकाश, सगळ्यांदेखत, मागचे स्क्रू बघितले. एक. दुसरा. करडे. मग झाकण ठेवलं आणि नट घेत गेली, इकडचा, तिकडचा, परत इकडचा. बघणाऱ्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

शेवटच्या नटाशी आली आणि थांबली. पाना चिंगीपुढं धरला.

"हा तुझा."

चिंगीनं तिच्याकडं बघितलं. पाना घेतला. नट आवळला, या वेळी नीट.

"शेवटचा हात माझा," ती म्हणाली.

मावशी थांबली. तात्या भिंतीशी उभा होता, तोही थांबला. मॅडमनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि त्याही चिंगीकडं बघायला लागल्या. त्यांनी कधीच ओळखलं असावं, पण पितळ कुणाचं ते दुसऱ्याच्या तोंडून काढायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या खोलीत एवढ्या वर्षांत एवढी मोठी जागा कुणी कुणाला बोलायला दिली नव्हती. एक वाक्य मावलं असतं त्यात. दहा मावली असती.

चिंगीनं पाना खाली ठेवला आणि पंपाच्या बटणाकडं हात नेला.

पाहुणे आले. तांबं तापवत नेलं तशा जोड्या वाढत गेल्या, हव्या तशा, वर वर. तात्यानं वर येऊन सांगितलं, तेव्हा मावशी खोक्यावर चिठ्ठी चिकटवत होती. "आले," तो म्हणाला, आणि पुढचा विनोद त्यानं केला नाही.

"मावशी, आले गं!" चिंगी घरात शिरता शिरता ओरडली. जुन्या दिवसांसारखं. "अगदी हवे तसे! मॅडम म्हणाल्या, तुझ्याच हाताचं झाकण. तुला परत खाली बोलावणारेत. बघ, झालं ना सगळं नीट?"

"झालं."

"मग तोंड असं का? अजून रागावलीयस?"

"रागावले नाही," मावशी म्हणाली. "राग आपल्या माणसावर येतो."

चिंगी हसत होती, ती हसता हसता थांबली. तिला वाटलं मावशी आणखी काही बोलेल, नेहमी बोलायची. शिव्या देऊन, भांडून, मग ताट वाढायची. मावशीनं ताट वाढलं. शिव्या दिल्या नाहीत.

जायच्या दिवशी चिंगीनं बॅग दाराशी आणली. वाकून पाया पडली. मावशीनं डोक्यावर हात ठेवला, त्या बिनवासाच्या हातानं, जेवढा वेळ ठेवतात तेवढाच. "नीट जा. पोचलीस की कळव," म्हणाली. कुणालाही म्हणाली असती तसं.

"मावशी, मी..." चिंगीनं सुरुवात केली. मावशी थांबली, अजूनही थांबली. "...मी सुट्टीत येते," चिंगी म्हणाली.

"ये."

जिन्यावरून बॅगेची चाकं एकेका पायरीवर आपटत खाली गेली. मग आवाज थांबला. मावशीनं दार लावलं, कडी सरकवली, आणि सवयीनं, हात कडीवरच असताना, तिच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "शेवटचा हात माझा."

ऐकायला कुणी नव्हतं. ती स्वतःशीच हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. मग आत गेली आणि चिंगीच्या खोलीतल्या पलंगाखालून केर काढायला लागली. कोपऱ्यात चिंगीची तळघरात घालायची जुनी चप्पल पडली होती, काम संपल्यावर घरी आणून टाकलेली. उचलून झटकली, तर तळव्याच्या रबरात काहीतरी रुतलेलं. मावशीनं ते नखानं उकरून काढलं, हातावर घेतलं आणि उजेडात बघितलं.

करडा होता.

तिनं तो पदराला पुसला, वेगळ्या डबीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मुकाट आपल्या जुन्या डबीत ठेवून दिला. स्क्रूचा काही दोष नव्हता.